पंच्याऐंशीची लेन्स

बिल्कीस आपांनी तिन्ही लेन्स टेबलावर ओळीनं मांडल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "हं, उचल. बारा वर्षांत काय शिकलीस ते कळू दे."

सबीहानं पस्तीस मिलिमीटरची उचलली. तिला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. निकाहानंतरच्या जलव्याला, नवरा-नवरी आरशात एकमेकांना पहिल्यांदा बघतात तेव्हा, ती नेहमी पस्तीसचीच लावायची. नवरा-नवरी समोरासमोर बसलेले, दोघांच्या डोक्यावर मिळून एक लाल ओढणी, मध्ये उशीवर आरसा, आणि भोवती बहिणी, मावश्या, आत्या, शेजारणी अशा खेटून बसलेल्या की मुंगीला शिरायला जागा नाही. तिथं रुंद बघणारी लेन्स हवी. ती ओढणीखाली सरकवली की आरसा येतो, ओढणी धरणारे मेंदीचे हात येतात आणि हसू आवरत नाही म्हणून तोंडात ओढणीचं टोक कोंबणारी थोरली नणंदही येते.

"ठेव खाली," आपा म्हणाल्या. "पंच्याऐंशीची घे. नवी आहे."

"आपा, ती दुरून काढायची. तिच्यात नुसता चेहरा येईल. जलवा कुठं येणार?"

"लोकांना चेहराच हवा असतो. हात कोण बघतं?"

"नवरीची आई बघेल, तहनियत खाला. त्यांच्या तिन्ही नणंदा ओढणी धरणार आहेत. एकीचा जरी हात आला नाही तरी अल्बम माझ्या डोक्यात घालतील त्या."

एरवी आपा यावर खळखळून हसल्या असत्या. आज हसल्या नाहीत. "आणि पस्तीसची घेऊन तू उभी कुठं राहणार? नवऱ्या मुलाच्या कानाला कान लावून? परका पुरुष आहे तो. पंच्याऐंशीची असली की हातभर मागं उभं राहता येतं. काही अदब शिकवली होती ना मी तुला?"

झालं. आपांचं हे नेहमीचंच. वाद हरायला आला की त्या अदब काढायच्या, आणि मग समोरच्या बाईनं तोंड कसं उघडायचं? सबीहानं पस्तीसची खाली ठेवली.

"पण आली कुठून ही? केवढी महाग असते."

"सिराजनं दिली. कोठी बाजारातला, लेन्सवाला. त्याचं-माझं जुनं आहे."

"अशीच दिली?"

"माझ्या नावाला अजून मान आहे शहरात, सबीहा. का नाही देणार?" आपांनी चष्मा नाकावर आणला आणि विषय मिटला.

मान होता, यात शंका नाही. याकूतपुऱ्यात आपांच्या बैठकीच्या खोलीत तीस वर्षं स्टुडिओ चालत आला होता आणि दारावर पाटी होती: फक्त बायकांसाठी. ज्या घरांत लग्नात बायकांच्या दालनात परक्या पुरुषाचं पाऊल पडत नाही, त्या घरांचा आपांवर डोळे झाकून भरवसा. फोटो काढणारी बाई, संगणकावर बसून तो नीट करणारी बाई, अल्बम बांधणारीही बाई. अल्बम पोचता केला की कॅमेऱ्याचं कार्ड नवरीच्या आईच्या हातात द्यायचं आणि स्टुडिओतली प्रत पुसून टाकायची. आपा म्हणायच्या, चेहरा ही अमानत आहे, ज्याची त्याला परत करायची. सबीहा एकविसाव्या वर्षी त्यांच्याकडे आली तेव्हा नवरा नुकताच नोकरीसाठी दम्मामला गेला होता आणि ती दिवसभर रडत बसायची. आपांनी तिच्या हातात कॅमेरा दिला, कान धरून शिकवलं, मारलंही एकदोनदा, आणि उभी केली. आईनं काय केलं असतं याहून वेगळं?

आता आपांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दोन वर्षं त्या लग्नाला जात नव्हत्या. संगणकाजवळ बसून कोणता फोटो घ्यायचा ते तेवढं सांगायच्या, तेही पडद्याला नाक लावून. लोक आता फोन करून विचारायचे, "सबीहा मोकळी आहे का त्या तारखेला?" आपा उत्तर द्यायच्या, "आहे," आणि फोन जरा जोरात ठेवायच्या. ते सबीहाला ऐकू यायचं, पण तिनं ते कधी मनावर घेतलं नाही.

लग्नाआधी चार दिवस दोघी शाह अली बंड्याला तहनियत खालांकडे गेल्या. तिथं रिवाजच होता की फोटोवाली येऊन जबान देते. खालांनी पानदान पुढं ओढलं आणि विचारलं, "बिल्कीस, माझ्या लग्नात तू जबान दिली होतीस. माझ्या तस्कीनच्या लग्नात कोण देतंय?"

"ही देईल," आपा म्हणाल्या. "आता काम हिचं आहे."

सबीहाला भरून आलं. बारा वर्षांत पहिल्यांदा आपांनी तिला पुढं केलं होतं. तिनं खालांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "तस्कीनचा चेहरा या घराच्या बाहेर जाणार नाही. गेला तर मी जबाबदार, माझ्याशिवाय कोणी नाही." तस्कीन दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आणि माझं नाक जरा बारीक आलं पाहिजे, तेही कबूल कर." सगळ्या हसल्या.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली, निकाह लागला, जेवणं उरकली आणि चारच्या सुमाराला मुलाला जलव्यासाठी बायकांच्या दालनात आणलं. कासिम नाव त्याचं. बिचारा इतक्या बायका बघून शेरवानीच्या आत घामानं भिजला होता. त्याला उशीपुढं बसवला, समोर तस्कीनला आणून बसवली, ओढणी टाकली. एकीनं ओढणीची मागची कड वर धरली, आणि सबीहा त्याच्या मागं हातभर अंतरावर एका चौरंगावर उभी राहिली. कॅमेऱ्याला पंच्याऐंशीची लावलेली. फ्लॅश मारायचा नाही, तो आरशात भडकतो. त्या लेन्सला फ्लॅश लागतच नव्हता म्हणा. ओढणीतून झिरपणारा लालसर उजेड तिला पुरत होता.

पहिले तीन फोटो वाया गेले. आरशाची चौकट लख्ख आणि आतला चेहरा धुरकट. मग तिच्या ध्यानात आलं की आरशातलं माणूस आरशाच्या काचेवर नसतं, काचेपलीकडं तेवढंच लांब असतं. पस्तीसचीत हे कधी जाणवलं नव्हतं, तिच्यात सगळंच चालून जायचं. तिनं श्वास धरला आणि फोकस काचेतून पलीकडं नेला.

"बोला दुल्हेभाई," तस्कीनच्या बहिणी ओरडत होत्या. "बोलल्याशिवाय ती डोळे उघडणार नाही."

"काय बोलू?"

"माहीत नाही होय? बोला, बीबी, डोळे उघडा, मी तुमचा गुलाम."

कासिम पुटपुटला. "ऐकू नाही आलं," थोरली म्हणाली. "गुलाम एवढा हळू बोलतो का कुठं?" तो पुन्हा बोलला. "अजून एकदा, गल्लीपर्यंत जाऊ दे." तिसऱ्यांदा तो खरोखर ओरडला, आणि तस्कीननं डोळे उघडले.

सबीहानं त्या क्षणी बटण दाबलं. आरशात तस्कीन होती. केसांतला झुमर एका बाजूला कललेला, पापण्या अजून पुरत्या वर गेल्या नव्हत्या, ओठ हसू दाबून धरलेले, आणि डोळ्यांत असं काही की सबीहाला क्षणभर वाटलं, आपण हे बघायला नको होतं. एकेक पापणी वेगळी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. बाकी सगळं, बहिणी, हात, आरशाची चौकट, लाल रंगात विरघळून गेलं होतं. नणंदांचे हात आले नाहीत ते नाहीतच. पण असा फोटो तिनं आयुष्यात काढला नव्हता, आणि ते तिला बटण दाबतानाच कळलं.

घरी येऊन तिनं तो आपांना दाखवला. आपा पडद्याला नाक लावून खूप वेळ बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मोतीबिंदूचं असेल, नसेलही.

"पंच्याऐंशीची म्हणून आला," त्या शेवटी म्हणाल्या.

"तुम्ही म्हणालात म्हणून," सबीहा म्हणाली. ती अगदी मनापासून म्हणाली.

अल्बम झाला. खालांनी पानं उलटली, नणंदांच्या हातांवरून यथास्थित कुरकुर केली, आणि त्या एका पानावरून हात फिरवला. तस्कीननं अल्बम त्यांच्या हातून ओढून घेतला आणि छातीशी धरला. सबीहानं कार्ड खालांच्या हातात दिलं. "स्टुडिओतली प्रत?" खालांनी विचारलं. "आज संध्याकाळी पुसते," ती म्हणाली. संध्याकाळी ती पुसायला बसली तर आपा म्हणाल्या, "तुझी सासू वाट बघत असेल. जा तू, मी पुसते." सबीहा गेली. आपांवर शंका घ्यायची असते हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

दीड महिना गेला. एका शनिवारी सकाळी लेन्सची कडी सैल झाली म्हणून सबीहा कोठीत सिराजकडं गेली. एरवी दुकानांची कामं आपाच करायच्या, पण त्यांना आता रस्ता ओलांडायची भीती वाटायची. सबीहा दुकानात शिरली आणि दारातच थांबली.

समोरच्या भिंतीवर तस्कीन होती. पुरुषभर उंचीचा बोर्ड, मागून दिवे लावलेला. तोच आरसा, तेच अर्धे उघडलेले डोळे. खाली चार गिऱ्हाइकं चहा पीत उभी होती, आणि त्यातला एक जण बशी सांभाळत दुसऱ्याला सांगत होता, "पापणी बघ, पापणी. मोजता येते की नाही? एवढी साफ दुसरी कुठली लेन्स देत नाही."

सबीहा त्यांना ओलांडून काउंटरशी गेली. मग तिची नजर बोर्डच्या तळाशी गेली. लेन्सचा आकडा लिहिला होता आणि त्याच्या खाली सोनेरी अक्षरांत: छायाचित्र, बिल्कीस जहाँ.

"सिराजभाई," ती म्हणाली, "हे काय आहे?"

"आपांचा फोटो," सिराज म्हणाला. त्यानं बुरख्यातल्या बाईला ओळखलं नव्हतं. "या वयात काय हात आहे बघा. डोळे गेले म्हणतात लोक."

"मी सबीहा. आपांकडची."

"अच्छा, तुम्ही होय," सिराजचा आवाज पडला. "लेन्स कशी चालतेय?"

"हा फोटो इथं कसा?"

"ठरलंच होतं तसं. लेन्स मी उगाच देईन का? आपा म्हणाल्या, जलव्यातला चेहरा देते, असा चेहरा की बघणारा जागचा हलणार नाही. आधी चेहरा ठरला, मग लेन्स. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

म्हणजे टेबलावर तीन लेन्स मांडल्या तेव्हाच सगळं ठरलेलं होतं. उचल बघू म्हणे. अदब म्हणे. ज्या अदबीच्या नावानं हातातली पस्तीसची काढून घेतली, त्याच अदबीचा असा बाजार मांडला होता आपांनी. आणि खोटं कशाला बोला, सबीहाला आणखीही एक गोष्ट टोचली होती, आणि तिची तिला लाज वाटली. ते सोनेरी नाव. फोटो तिचा होता. तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो, आणि त्याच्या खाली नाव दुसरीचं.

"उतरवा," ती म्हणाली.

"उतरवणारच आहे. काल रात्रीच आपांचा फोन आला होता, काढून टाक म्हणाल्या. दुपारी सुतार येतोय."

म्हणजे आपांना उपरती झाली म्हणायची. सबीहाचा राग थोडा खाली बसला. म्हातारं माणूस, नावाच्या मोहात पडलं, मग जीव खाऊ लागला असेल. पण दुपारपर्यंत थांबायला ती तयार नव्हती. तिनं गिऱ्हाइकांना बाहेर काढलं. कुठून आला एवढा आवाज तिच्यात, तिलाच माहीत. सिराजनं मुकाट्यानं दिवे बंद केले आणि बोर्ड खाली घेतला. तिनं त्याच्याकडून पाती मागून घेतली. पहिला काप मारण्याआधी मात्र ती थांबली, फोन काढला आणि बोर्डचा एक फोटो घेतला. नावासकट. कधी लागलाच तर. मग तिनं स्वतःच्या हातानं तस्कीनचे तुकडे तुकडे केले आणि ते पिशवीत भरून घेतले.

आधी आपांकडं जावं असं तिच्या मनात आलं, पण रिक्षात बसल्यावर तिनं शाह अली बंडा सांगितलं. जबान तिनं दिली होती. दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत आपल्या तोंडून सांगावं, पाय धरावे, मग आपांना घेऊन यावं.

दार खालांनी उघडलं. त्यांनी "ये" म्हटलं नाही. दारातून बाजूला झाल्या, एवढंच. आत तख्तावर तस्कीन बसली होती, लग्न होऊन दोन महिने झाले नाहीत अशी मुलगी, कानात काही नाही, डोळे सुजलेले.

"खाला, मला काही सांगायचंय," सबीहा म्हणाली.

"काय सांगणार आहेस? परवा कासिमच्या धाकट्या भावानं कोठीत रस्त्यावरून जाता जाता बघितला. दुकानात लावलाय म्हणे, मिठाईच्या डब्यासारखा, आणि लोक चहा पीत पीत बघतात. कासिम तेव्हापासून हिच्याशी बोलत नाही, आणि ही तिथून उठून इकडं आली."

"खाला, ते मी..."

"ठाऊक आहे. मी निरोप धाडला तशी काल संध्याकाळी बिल्कीस रिक्षा करून आली होती. माझे पाय धरले तिनं, या वयात. म्हणाली, पोरीच्या हातून चूक झाली, महागड्या लेन्सच्या लोभानं फोटो देऊन बसली, मला दिसत नाही म्हणून मला कळलं नाही. पदर पसरून तुझ्यासाठी माफी मागितली तिनं. हिचे मामू इथंच बसले होते, तुझ्या घरी जायला निघाले होते. तिनं अडवलं, म्हणून तू आज धडपणे दारात उभी आहेस."

सबीहा ऐकत होती आणि तिला ते नीट कळत नव्हतं. शब्द कळत होते. पण आपा, या दालनात, याच तख्तासमोर, तिचं नाव घेऊन रडल्या? केसानं गळा कापतात म्हणतात तो हा असा. कापताना वर प्रेमानं डोक्यावरून हातही फिरवायचा.

"मी नाही दिला," ती म्हणाली. "खाला, अल्लाची शपथ, मी नाही दिला. आपांनी दिला. त्यांनीच सौदा केला, मला आज सकाळी कळलं."

"बिल्कीसनं?" खालांचा चेहरा कडक झाला. "तीस वर्षांत जिच्यावर कोणी बोट ठेवलं नाही तिच्यावर तू टाकतेस? जबान कोणी दिली होती? माझ्या हातावर हात कोणाचा होता?"

"माझ्याजवळ पुरावा आहे," सबीहा म्हणाली आणि तिनं फोन काढला. घाईत दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. "हे बघा. खाली नाव बघा, कोणाचं आहे."

खालांनी फोन हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. ओठ हलवत नाव वाचलं. मग त्या तख्तावर टेकल्या. "बिल्कीस," त्या म्हणाल्या.

सबीहाला सुटल्यासारखं वाटलं. अगदी पळभर.

तस्कीन उठून आली. तिनं आईच्या हातातून फोन घेतला आणि बघत राहिली. अल्बम आला तेव्हा तिनं तो फोटो छातीशी धरला होता. आता तिचा चेहरा अगदी कोरा होता.

"मी डोळे उघडले ते एका माणसासाठी," ती म्हणाली. "लोकांना वाटतं मी कासिमसाठी रडतेय. तो बोलेल आज ना उद्या. पण ते डोळे माझे होते, सबीहाबाजी. आता मी आरशात बघितलं की मला चहा पिणारे लोक दिसतात."

"मी तो बोर्ड फाडला, तस्कीन. माझ्या हातानं फाडला. तुकडे या पिशवीत आहेत."

"फाडलास आणि फोटो काढून घेतलास," तस्कीन म्हणाली. "तिनं मला भिंतीवर लावलं. तू मला खिशात घालून रिक्षानं आलीस. कोणाकोणाला दाखवायचं होतं?"

बोर्ड कापायच्या आधी ती जिथं थांबली होती तिथं तिला तस्कीनची आठवण आलीच नव्हती. नावाची आली होती.

"पूस," तस्कीन म्हणाली.

"पूस म्हणजे... तस्कीन, तेवढंच आहे माझ्याकडं. मामूंना दाखवायला, कासिमच्या घरी दाखवायला. नाहीतर सगळे मलाच..."

"मामूंना दाखवशील?" तस्कीननं विचारलं. "आणखी किती जणांना?"

खाला मध्ये पडल्या नाहीत. त्या सबीहाकडं बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेत आता राग नव्हता. दया होती, आणि ती रागाहून वाईट होती. सबीहानं फोन घेतला. फोटो पुसला, मग पुसलेले जिथं साठतात तिथूनही पुसला, आणि रिकामा पडदा तस्कीनपुढं धरला. पिशवी तख्ताजवळ ठेवली.

"मला खरं कळलं," खाला दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या. "पण पुरुषांना बिल्कीसनं सांगून झालंय. आता मी त्यांना काय दाखवून सांगू? तू काही दिवस या बाजूला येऊ नकोस."

याकूतपुऱ्यात आपा घरीच होत्या. संगणक बंद होता. त्या खिडकीशी बसून तांदूळ निवडत होत्या, नुसत्या बोटांनी, न बघता.

"सबीहा? बैस. चहा ठेवते."

"मी शाह अली बंड्याहून आले."

आपांची बोटं थांबली. मग पुन्हा चालू झाली. "मी जाऊन आले ना काल. मिटवलं मी सगळं. तू कशाला गेलीस?"

"आपा, जिथं माझं नाव लागायचं तिथं तुम्ही तुमचं लावलंत. आणि जिथं तुमचं लागायचं तिथं माझं. का?"

आपांनी ताट बाजूला ठेवलं. त्यांनी कांगावा केला नाही, रडल्याही नाहीत. "तू तेहतीस वर्षांची आहेस," त्या म्हणाल्या. "वर्षभरात लोक विसरतील. सिकंदराबादेत जा, तिकडं काम कर, मी चार घरं सांगते. माझं काय? मला दिसत नाही, सबीहा. मला माझं नाव एकदा मोठ्या अक्षरात बघायचं होतं, वाचता येईल एवढ्या मोठ्या. एवढंच होतं. ते अंगाशी येईल असं नव्हतं वाटलं. आणि आलं तेव्हा दोघींपैकी एकीनंच बुडायचं होतं."

"आणि ती मी."

"तुला पोहता येतं."

"मी सांगेन सगळ्यांना. घरोघर जाऊन सांगेन."

"सांग," आपा म्हणाल्या. त्या उठल्या, चाचपडत तिच्याजवळ आल्या आणि नेहमीसारखा तिच्या गालाला हात लावला. "पण दाखवशील काय? सिराज माझ्याविरुद्ध तोंड उघडणार नाही. सिराजचा फोन आला होता, बोर्ड तू फाडलास म्हणाला. आधी फोटो काढून घेतलास, तेही म्हणाला. मी तेव्हा घाबरले होते थोडी. पण मग म्हटलं, ती तो ठेवणार नाही. कोणी म्हणायच्या आधी पुसून टाकेल. मी शिकवलंय तिला."

सबीहानं तो हात गालावरून बाजूला केला. कॅमेऱ्याची पिशवी उघडली, पंच्याऐंशीची काढून टेबलावर ठेवली, आणि स्वतःची जुनी पस्तीसची कपाटातून घेऊन ती रस्त्यावर आली. दुपारची वेळ होती, रिक्षा मिळत नव्हती. ती चालायला लागली.